घरांची जाहिरात आणि दलालाची पत

आपल्या समाजातील जी कुटुंबे १९५० आणि १९६० च्या दशकांत या देशात आली, त्यांतील पुष्कळांचा संसार दिमोना, बेरशेवा, आश्दोद, लोद, रामला, येरुहाम अशा गावांतील शिकूनांमधल्या लहान घरांत उभा राहिला. १९४९ साली स्थापन झालेल्या अमिदारसारख्या कंपनीकडून ही घरे प्रथम भाड्याने मिळाली आणि पुढे हप्त्याहप्त्याने अनेकांनी ती आपल्या नावावर करून घेतली. आता ती पिढी हळूहळू आपल्यातून निघून जात आहे. घराचे वारस चार गावी विखुरलेले असतात; एक भाऊ हैफाला, एक बहीण आश्केलोनला, कोणी परदेशी. आईवडिलांचे घर विकून आलेली रक्कम वाटून घ्यावी, असे ठरते आणि मग घरांच्या व्यवहारात मध्यस्थी करणाऱ्या मेतावेखचा, म्हणजे आपल्या भाषेत दलालाचा, शोध सुरू होतो.

या धंद्यात आपल्या समाजातील तरुण-तरुणीही आहेत. त्यांच्याकडे येणारे घर हे पुष्कळदा त्या कुटुंबाच्या आयुष्यभराच्या कष्टांचे एकमेव संचित असते. म्हणूनच त्या घराची जाहिरात कशी करावी, हा केवळ धंद्यातील कौशल्याचा प्रश्न राहत नाही. जाहिरातीत एक शब्द चुकीचा पडला तर घर सहा सहा महिने पडून राहते, किंमत उतरते आणि भावंडांत कुरबूर सुरू होते. उलट, जाहिरात नीट केली तर योग्य गिऱ्हाईक लवकर येते व दलालाचे नावही चार घरी सांगितले जाते.

पूर्वी वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत दोन ओळी छापून आणल्या की दलालाचे काम भागे. प्रत्येक शब्दाला पैसे मोजावे लागत, त्यामुळे शब्द आपोआप मोजके येत. आज इंटरनेटवर जागेची वाण नाही. वीस छायाचित्रे, एक चित्रफीत आणि हवा तेवढा मजकूर घालता येतो. जागा वाढली, तशी अतिशयोक्तीही वाढली. परंतु त्याच इंटरनेटने गिऱ्हाइकाच्या हाती पडताळणीचे साधनही दिले आहे. शेजारच्या इमारतीतील घर किती शेकेलला विकले गेले, हे कर खात्याने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या व्यवहारांच्या नोंदींत कोणालाही पाहता येते. गल्लीचे छायाचित्र घरबसल्या दिसते. अशा काळात ज्या जाहिरातीत घराचे गुण आणि उणिवा दोन्ही मोजक्या शब्दांत खऱ्या सांगितलेल्या असतात, तीच जाहिरात अखेरीस घरमालकाला आणि दलालाला फायद्याची ठरते. पुढील सूचना याच विचाराने मांडल्या आहेत.

प्रथम परवाना आणि लेखी कागद

जाहिरातीचा विचार करण्यापूर्वी कायद्याची बाजू पक्की असावी. १९९६ च्या दलालीविषयक कायद्यान्वये परवान्यावाचून हा व्यवसाय करता येत नाही आणि आपण दलाल आहोत असे लोकांना भासवताही येत नाही. परवान्यासाठी न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. आपल्याकडे ‘ओळखीने घर लावून देतो’ असे म्हणणारे सद्गृहस्थ पुष्कळ असतात. त्यांचा हेतू चांगला असेलही. परंतु हाच ज्यांचा व्यवसाय झाला आहे त्यांनी परवाना न घेता दलाली मागितली, तर ती त्यांना कायद्याने मिळू शकत नाही.

दुसरी गोष्ट लेखी कागदाची. गिऱ्हाइकाची सही असलेली लेखी विनंती हाती नसेल तर दलालीवर हक्क सांगता येत नाही. त्या कागदात दोन्ही पक्षांची नावे, पत्ते व ओळखपत्रांचे क्रमांक, व्यवहाराचा प्रकार, मालमत्तेचे वर्णन, अंदाजे किंमत आणि ठरलेली दलाली ही माहिती असावी लागते. दलालीत व्हॅट धरला आहे किंवा नाही, हेही त्यात स्पष्ट लिहावे. दलालीचा दर कायद्याने ठरविलेला नाही; विक्रीच्या व्यवहारात सामान्यतः २ टक्के अधिक व्हॅट असा प्रघात आहे. २०२५ च्या जानेवारीपासून व्हॅट १८ टक्के झाला. समजा, घराची किंमत १० लक्ष शेकेल आहे. २ टक्के म्हणजे २०,००० शेकेल, त्यावर व्हॅट ३,६०० शेकेल, एकूण २३,६०० शेकेल. हा आकडा पहिल्या भेटीतच कागदावर मांडून दाखविला तर शेवटी तोंड कडू होण्याचा प्रसंग येत नाही.

घर केवळ आपल्याकडेच विक्रीस असावे, अशी दलालाची इच्छा असेल तर त्यासाठी स्वतंत्र कागदावर करार करावा लागतो आणि राहत्या घराच्या बाबतीत त्याची मुदत सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. येथेच जाहिरातीचा आणि कायद्याचा प्रत्यक्ष संबंध येतो. असा करार करणाऱ्या दलालाने नियमांत सांगितलेल्या विक्रीविषयक प्रयत्नांपैकी किमान दोन प्रयत्न केलेच पाहिजेत. घरावर पाटी लावणे, वृत्तपत्रात जाहिरात देणे, इंटरनेटवर जाहिरात देणे, इतर दलालांना कळविणे हे त्यांतील काही होत. हे प्रयत्न केले असतील तर त्या मुदतीत झालेला व्यवहार त्याच्यामुळेच झाला, असे कायदा गृहीत धरतो. म्हणून प्रत्येक जाहिरातीची तारीख आणि प्रत जपून ठेवावी. करार करून हात बांधून बसणाऱ्या दलालाला या तरतुदीचा आधार मिळत नाही.

मजकूर लिहिण्यापूर्वी

घराची कागदपत्रे स्वतः पाहिल्यावाचून एक ओळही लिहू नये. ताबूचा, म्हणजे जमीन नोंदणी कार्यालयाचा, उतारा आज इंटरनेटवरून अल्प शुल्कात काढता येतो. मात्र आपल्या लोकांची जुनी घरे सर्वच ताबूत नोंदलेली नसतात. काहींची नोंद अजून जमीन प्राधिकरणाकडे, तर काहींची वसाहत बांधणाऱ्या कंपनीकडे असते. अशा घराचे हस्तांतर अधिक वेळ घेऊ शकते. गिऱ्हाइकाला ही गोष्ट वकिलाच्या कचेरीत प्रथमच कळली तर त्याचा सर्व विश्वास उडतो. जाहिरातीत वा पहिल्या फोनवर कळली तर तो तेवढी सवड धरून चालतो.

मृत आईवडिलांच्या नावावरील घर असेल तर वारसाचा आदेश निघाला आहे किंवा नाही, सर्व वारसांची संमती आहे किंवा नाही, हेही विचारून घ्यावे. एका भावाने घाईने दलाल नेमला आणि दुसऱ्याला जाहिरात फेसबुकवर पाहून कळले, असा प्रकार घडला तर जाहिरात कितीही सुंदर असो, व्यवहार तेथेच अडतो.

किंमत ठरविताना भावनेला आवर घालणे, हे दलालाचे कठीण पण आवश्यक काम होय. ज्या खोलीत बार मित्स्वाची मेजवानी झाली, ज्या गच्चीत आईने पापड वाळविले, त्या खोलीचे व गच्चीचे मोल मुलांच्या मनात वेगळे असते. त्यांच्यापुढे त्याच रस्त्यावरील अलीकडचे चार-पाच प्रत्यक्ष व्यवहार मांडावेत. लोकांनी मागितलेल्या किमती आणि लोकांना मिळालेल्या किमती यांत अंतर असते, हे त्यांना आकड्यांनिशी दिसू द्यावे. अवाजवी किंमत लावून घर जाहिरातीत ठेवले की पहिल्या दोन आठवड्यांतील उत्सुक गिऱ्हाइके निघून जातात, आणि पुढे तीच जाहिरात महिनोन्‌महिने पाहून लोक म्हणतात, “या घरात काहीतरी खोट असावी.”

वर्णनात काय असावे

“सुंदर, प्रशस्त, उजेडाचे घर, मध्यवस्तीत, संधी दवडू नका!” अशी जाहिरात रोज शेकडोंनी दिसते. ती वाचून वाचकाला काहीच कळत नाही. आता हे दुसरे वर्णन पाहावे:

“तीन खोल्यांचे घर: दोन निजावयाच्या व एक बैठकीची. चार मजली इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. आर्नोनाच्या बिलाप्रमाणे ६४ चौरस मीटर. पूर्व व पश्चिम अशा दोन्ही बाजूंनी हवा. स्वयंपाकघर जुने, विजेच्या तारा व नळ नव्याने बसविलेले. मामाद नाही, इमारतीच्या तळघरात सामायिक मिकलाट. ताबूत नोंद. घर रिकामे, ताबा लगेच.”

पुढे किंमत लिहिली की जाहिरात पुरी झाली. हे वर्णन वाचून ज्याला तीन जिने चढवत नाहीत तो फोन करणार नाही. त्यात नुकसान काहीच नाही, कारण तो प्रत्यक्ष येऊनही घर घेणार नव्हताच. जो फोन करील तो जिना, क्षेत्रफळ व किंमत मान्य करूनच करील. दलालाचा वेळ वाचतो आणि घरमालकाच्या दारी उगीच माणसांची रांग लागत नाही.

काही तपशिलांविषयी विशेष काळजी घ्यावी. या देशात खोल्या मोजताना बैठकीची खोलीही धरतात. मुंबई-ठाण्याहून नुकत्याच आलेल्या कुटुंबाला ‘तीन खोल्या’ म्हणजे तीन बेडरूम असे वाटण्याचा संभव असतो. क्षेत्रफळाचेही तसेच. आर्नोनाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या करासाठी मोजलेले क्षेत्रफळ, ताबूतील क्षेत्रफळ आणि बांधणाऱ्याने सांगितलेले क्षेत्रफळ हे तीन आकडे बहुधा जुळत नाहीत. कोणता आकडा आपण देत आहोत, ते लिहावे.

मामादविषयी मौन पाळू नये. १९९१ च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांत ही सुरक्षित खोली बंधनकारक झाली. त्यापूर्वीच्या शिकूनांत ती नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तर गिऱ्हाइकाचा हा पहिल्या प्रश्नांपैकी एक असतो. मामाद नसल्यास मिकलाट कोठे आहे, तेथवर पोहोचावयास किती पायऱ्या उतराव्या लागतात, हे सांगितल्याने घर नाकारले जाईलच असे नाही. लपविल्याने मात्र भेटीच्या वेळी निश्चित नाकारले जाते.

त्याचप्रमाणे ‘लवकरच इमारत पाडून नवी होणार’ असे वचन जाहिरातीत देण्याचा मोह टाळावा. पिनुई-बिनुईच्या, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधण्याच्या योजना कागदावरून प्रत्यक्षात येण्यास पुष्कळ वर्षे लागतात आणि कित्येक योजना मध्येच थांबतात. योजना कोणत्या टप्प्यावर आहे, मंजुरी झाली की केवळ शेजाऱ्यांच्या सह्या गोळा होत आहेत, तेवढेच लिहावे. मालमत्तेविषयीची महत्त्वाची माहिती गिऱ्हाइकाला देणे हे १९९६ च्या कायद्याने दलालाचे कर्तव्यच ठरविले आहे.

आणखी एक गोष्ट. वर्णन घराचे करावे, शेजाऱ्यांचे करू नये. ‘आमच्या इमारतीत अमक्या जातीचे लोक नाहीत’ अशा अर्थाची सूचक वाक्ये कधी कधी वाचावयास मिळतात. इंटरनेटवर हा भेद न लिहिताही करता येतो. कारण जाहिरात कोणाला दिसावी आणि कोणाला दिसू नये, हे तेथे निवडता येते. अमेरिकेत याच कारणास्तव नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांनी फेसबुकविरुद्ध दावे लावले. २०१९ च्या मार्चमध्ये झालेल्या तडजोडीनुसार तेथील घरांच्या जाहिरातदारांना वय, लिंग वा पोस्टाचा विभाग यांवरून माणसे वगळण्यास मनाई झाली. १९६४ साली समान हक्कांसाठी जेरुसलेमात धरणे धरणाऱ्या आपल्या समाजाला या प्रश्नाचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

छायाचित्रे

गिऱ्हाईक प्रथम छायाचित्र पाहते, मग किंमत आणि त्यानंतर मजकूर. म्हणून पहिले छायाचित्र घराच्या सर्वांत उजेडाच्या खोलीचे असावे. फोन आडवा धरून, छातीच्या उंचीवरून, दिवसा, पडदे सारून चित्र घ्यावे. भांडी आवरलेली, पलंग झाडलेले, खुर्च्या जागेवर असाव्यात. खोली दुप्पट मोठी दाखविणारी भिंग वापरू नयेत. प्रत्यक्ष खोलीत पाऊल टाकताच गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. आठ-दहा स्वच्छ चित्रे पुरेत. घरातील माणसांची छायाचित्रे, औषधांच्या बाटल्या, बँकेची पत्रे, घराच्या किल्ल्या यांपैकी काहीही चित्रात येऊ देऊ नये. घरात एकटी वृद्ध व्यक्ती राहत असेल तर ती गोष्ट मजकुरातून वा चित्रातून जगजाहीर करणे धोक्याचे आहे. भाडेकरू राहत असेल तर त्याची परवानगी आधी घ्यावी.

जाहिरात कोठे द्यावी

या देशात घर शोधणारे बहुतेक लोक प्रथम ‘याद श्तायिम’च्या पानांवर जातात, ‘मदलान’वर घरांबरोबर त्या वस्तीतील किमतींची माहितीही पाहतात. या दोन्ही ठिकाणी घर असावे. फेसबुकवर प्रत्येक गावाचे व वस्तीचे गट आहेत. तेथे जाहिरात देताना त्या गटाचे नियम वाचावेत आणि तीच जाहिरात रोज रोज टाकून लोकांना त्रास देऊ नये. घर विकले गेले की सर्व ठिकाणची जाहिरात त्याच दिवशी काढावी. विकलेले घर आमिष म्हणून दाखवीत राहणे आणि फोन करणाऱ्याला दुसरेच घर सुचविणे ही फसवणूक आहे, आणि लोक ती फार काळ विसरत नाहीत.

परंतु साधी साधनेही सोडू नयेत. गच्चीच्या कठड्याला लावलेली पाटी आजही काम करते; कारण जुन्या वस्तीतील घर पुष्कळदा त्याच वस्तीतील माणूस, आपल्या मुलीला वा आईला जवळ आणण्यासाठी, विकत घेतो.

नको असलेले निरोप पाठविणे मात्र महागात पडते. १ डिसेंबर २००८ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार आगाऊ लेखी संमतीवाचून जाहिरातीचा एसएमएस वा ईमेल पाठविता येत नाही. न्यायालय प्रत्येक निरोपामागे १,००० शेकेलपर्यंत भरपाई देववू शकते आणि त्यासाठी तक्रारदाराला आपले नुकसान सिद्ध करावे लागत नाही. सिनेगॉगच्या सभासदांची यादी हाती आली म्हणून त्या सर्वांना घरांच्या जाहिराती धाडणे हे कायद्याला आणि शिष्टाचारालाही धरून नाही.

फोन, वेळ आणि भाषा

जाहिरातीवर खर्च करून आलेल्या फोनला उत्तर न देणे, हा या धंद्यातील सर्वांत मोठा अपव्यय आहे. गिऱ्हाईक एकाच वेळी पाच ठिकाणी विचारणा करीत असते. जो प्रथम नीट उत्तर देतो त्याच्याशी त्याचे बोलणे पुढे सरकते. शुक्रवार दुपारपासून शाबाथ संपेपर्यंत आपण उत्तर देणार नसलो तर जाहिरातीत तसे लिहावे. लोक त्याचा मान राखतात. शुक्रवारी सकाळी आणि आठवड्यातील संध्याकाळी घर दाखविण्याच्या वेळा ठेवाव्यात. १ सप्टेंबरला शाळा सुरू होतात, म्हणून मुलाबाळांची कुटुंबे वसंतापासूनच घर शोधू लागतात; तिश्री महिन्यातील सणांत मात्र व्यवहार मंदावतात. जाहिरातीचा खर्च हे पाहून करावा.

मजकूर हिब्रूत निर्दोष असावा. गावात रशियन वा फ्रेंच बोलणारे पुष्कळ असतील तर त्या भाषांतही चार ओळी जाणकाराकडून लिहून घ्याव्यात. मराठी ही आपल्या दलालांची खास जमेची बाजू आहे. ज्या आजीला हिब्रू कागद वाचता येत नाही तिला फोनवरून मराठीत ध्वनिनिरोप पाठवून सर्व अटी समजावून सांगता येतात. परंतु याच कारणाने जबाबदारी वाढते. आपला मुलगा सांगतो म्हणून ती डोळे मिटून सही करते. तिला सही करण्यापूर्वी कागद घरी नेऊ द्यावा, मुलांना दाखवू द्यावा. विक्रीचा करार लिहिणे हे दलालाचे काम नव्हे. कायद्याने ते त्याला वर्ज्य आहे. त्यासाठी वकीलच हवा. भाड्याच्या घराविषयीही हे ध्यानात असावे, की २०१७ च्या दुरुस्तीनंतर घरमालकाने नेमलेल्या दलालाची दलाली भाडेकरूवर लादता येत नाही.

खर्चाचा हिशेब

प्रत्येक फोन करणाऱ्याला “आमचे घर आपण कोठे पाहिले?” असे विचारून वहीत नोंद करावी. समजा, एका ठिकाणी ६०० शेकेल खर्चून ४० फोन आले आणि त्यांतील दोघेच घर पाहावयास आले. दुसऱ्या ठिकाणी १५० शेकेलमध्ये आठच फोन आले, परंतु पाच जण घर पाहून गेले. फोनांची संख्या पाहणारा पहिल्या ठिकाणी पुन्हा पैसे घालील. हिशेब पाहणारा दुसऱ्या ठिकाणी. किती लोकांनी जाहिरात ‘पाहिली’ हा आकडा मनाला सुखावतो, पण त्याने घर विकले जात नाही. तीन महिने अशी वही ठेवली तर आपल्या गावात कोणती जाहिरात चालते, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक नेमके कळेल.

व्यवहार पुरा झाल्यावर समाधानी गिऱ्हाइकाला गूगलवर आपले मत लिहिण्याची विनंती करण्यात संकोच नसावा. खोटी मते मात्र कोणाकडून लिहवून घेऊ नयेत. कोकणातील आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हते. ते शनिवारी घाणा बंद ठेवतात, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिले आणि नाव दिले. दलालाची ओळखही त्याच्या वागणुकीवरून इतरच ठरवितात. इंटरनेटमुळे ती ओळख केवळ अधिक दूरवर आणि अधिक लवकर पोहोचते.

घर विकावयास काढणाऱ्या कुटुंबांनीही दलालाला चार प्रश्न अवश्य विचारावेत: तुमचा परवाना दाखवाल का? जाहिरात कोठे कोठे देणार आणि त्याच्या प्रती आम्हाला मिळतील का? आमच्या रस्त्यावर अलीकडे कोणती घरे किती किमतीला विकली गेली? आणि आमच्या घराच्या कोणत्या उणिवा तुम्ही जाहिरातीत लिहिणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेक दलाल देतील. चौथ्या प्रश्नाचे जो सरळ उत्तर देईल, त्याच्या हाती आईवडिलांच्या घराची किल्ली देण्यास हरकत नाही.